नाईकांची उरलेली बासुंदी

साखरपुड्याच्या जेवणातली बासुंदी उरली, ती मी खाल्ली आणि त्यापायी नाईकसाहेबांच्या मुलीचं ठरलेलं लग्न जवळजवळ मोडलं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही धुळ्याकडून सिल्वासात आलेलो. मी कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी मी आणि बायको सुशीला लोकांच्या कार्याची जेवणं करून द्यायचो. (स्वयंपाक ती करायची. मी चव बघायचो. जरा जास्तच बघायचो!)

नाईकसाहेब सरकारी कचेरीतले, मूळचे कोकणातले. त्यांच्याकडची पंगत दुपारी आटोपली आणि टेम्पोत भांड्यांबरोबर अर्धं पातेलं बासुंदी चुकून गावातल्याच आमली भागात आमच्या खोलीवर आली.

"उरलेलं अन्न ज्याचं कार्य त्या पार्टीचं असतं. आत्ताच्या आत्ता परत देऊन या," सुशीला म्हणाली आणि भांडी घासायला मागे गेली.

"देतो ना," मी म्हणालो आणि वाटी घेतली.

एकीच्या पाच वाट्या झाल्या. मग पहिली शिफ्ट सुटून आलेले शेजारचे गाववाले वासावर जमले. मी तरी नाही कसं म्हणणार? पातेलं लख्ख!

तेवढ्यात दारात नाईकसाहेबांची स्कूटर. "अहो, ती बासुंदी द्या. व्याही चहापर्यंत थांबलेत, परत मागतायत."

"साहेब, ती... नासली होती. ओतून दिली." (हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं. कसं, ते आजही कळलेलं नाही.)

नाईकसाहेब पांढरेफटक पडले. "नासली? व्याह्यांनी तीन वाट्या खाल्ल्यात!" आणि स्कूटर भुर्रकन गेली.

अर्ध्या तासात बातमी आली. नाईकांकडे सगळ्यांना मीठ-साखरेचं पाणी पाजणं चालू आहे. व्याही पोट धरून आडवे झालेत. आणि विहीणबाई म्हणतायत, "पहिल्याच दिवशी नासकं वाढणाऱ्यांच्या घरची मुलगी आम्हाला नको!"

सुशीलाने एकदा रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "चला," एवढंच म्हणाली.

नाईकांच्या आतल्या खोलीतून मुलीचे हुंदके ऐकू येत होते. मी थेट नाईकसाहेबांसमोर जाऊन उभा राहिलो.

"साहेब, बासुंदी चांगली होती."

"मग ओतलीत कशाला?"

"ओतली नाही. खाल्ली. मी एकट्याने पाच वाट्या. मघाशी खोटं बोललो, पाया पडतो!"

व्याही ताडकन उठून बसले. "पाच? आणि मला तीनच?" पोटदुखी कुठल्या कुठे!

आधी विहीणबाईंना हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. सोयरीक वाचली. लग्नाची ऑर्डरही आम्हालाच मिळाली, फक्त नाईकसाहेबांनी माझ्यासमोरच सुशीलाला बजावलं, "वहिनी, ह्यांना आणा, पण घरून जेवू घालून!"

तिने दोनदा जेवू घातलं. तरीही बासुंदीपाशी उभं राहू दिलं नाही. अख्खं लग्न मी पाण्याच्या पिंपावर काढलं!