सुरुवात दिसली न्हाय

"एका वाक्यात तीन वेळा 'न्हाय'! परत म्हण बघू," सर म्हणाले.

भर मीटिंगमध्ये. पडद्यावर गिऱ्हाईक कंपनीची माणसं बसलेली.

भिवंडीत एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस हाय. नेटवर्कवरनं जाणारी माहितीची पॅकेट पकडून तपासणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. दोन मशीनमधलं कनेक्शन जुळतंय, चालू हाय की संपलं, ते ओळखायचा भाग माझा. मी एवढंच सांगत होते, की पॅकेटचं रेकॉर्डिंग अर्ध्यातनंच सुरू केलं तर जुळतानाचे पहिले निरोप सापडत न्हाईत. मग आपलं सॉफ्टवेअर चांगल्या चालू कनेक्शनलाही तुटलेलं म्हणतं. ते बदलायला पाहिजे.

माझं वाक्य होतं, "सुरुवात दिसली न्हाय म्हणजे कनेक्शन जुळलंच न्हाय, असं न्हाय."

मी परत म्हणाले. सगळे हसले. पडद्यावरचेही. हातातला माऊस मला जाणवत नव्हता.

नंतर सरांनी केबिनमध्ये बोलावलं. "काम तू कर. बोलेल रोहन. तो शुद्ध बोलतो."

रोहन माझ्याबरोबरच नोकरीला लागलेला. तेव्हापासून मी लिहून द्यायची, तो बोलायचा. शाबासकी त्याला. मला राग येत नव्हता. काहीच येत नव्हतं. धामणकर नाक्यावरनं शेअर रिक्षा धरायची, खारबावला घरी यायचं, जेवायचं, झोपायचं.

घरी मी आईला सुधारायला लागले. लूमवाल्याकडे सुताच्या कांड्या भरून जिनं मला शिकवलं, तिला. "हाय न्हाय गं, आहे म्हण." ती गप्प राहायला लागली.

एका दुपारी मी घरनंच मीटिंगला बसले होते. आईनं हाक मारली, "जेवण वाढलाय गो, येतेस का न्हाय?"

मी झटकन माईक बंद केला. तिनं माझं तोंड बघितलं.

"हापिसात आयकू गेला का? मी भायेर बसते."

गेली. स्वतःच्या घरातनं. पायरीवर, उन्हात. मीटिंग संपेपर्यंत बसली. मी तिला जा म्हणाले नव्हते. थांबही म्हणाले नव्हते. ताटातला भात गार झाला होता. तेव्हा कुठे मला दुखलं.

पुढच्या मीटिंगला मी काही लिहून दिलं न्हाय.

सरांनी विचारलं, "रोहनला दिलंस ना?"

"न्हाय. माझं काम मीच सांगणार."

"क्लायंटसमोर? ह्या भाषेत?"

"ह्याच."

आणि सांगितलं. सगळं, शेवटपर्यंत. कोण हसलं, ते बघितलं न्हाय.

संध्याकाळी माझा भाग रोहनला दिला. मला जुन्या फायली तपासायला बसवलंय. उद्या कदाचित घरी बसवतील.

बसवू देत. पण माझ्या कामाबद्दल दुसरं कुणी माझ्या जागी बोलणार न्हाय. आणि कुठल्याही साहेबापायी माझी आई परत उंबऱ्याबाहेर बसणार न्हाय.