बाळंतिणीच्या खोलीची खिडकी

शेजारच्या घरातून बाळंतशेपा नि ओव्याच्या धुरीचा वास आला, की आजही मी हातातलं काम टाकून ओसरीवर येते. वास माझ्यापर्यंत पोचला, म्हणजे खिडकी उघडी आहे. बाळ-बाळंतिणीचं बरं चाललं असणार. कल्याणला संसार थाटून मला इतकी वर्षं झाली, थोरल्याला मिसरूड फुटू लागली, पण एवढी खात्री केल्याखेरीज मला चैन पडत नाही. शेजारणी हसतात. हसोत बापड्या.

हा थोरला झाला तो ठाण्याला, माझ्या माहेरी, टेंभी नाक्याजवळच्या घरात. दिवस थंडीचे होते. थंडी कसली, खाडीवरून येणारा खारा गारवा तो. पण आमच्या आत्याच्या लेखी तो साक्षात वैरी. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिचं एकुलतं एक मूल बाळंतिणीच्या खोलीतच गेलं होतं आणि ‘वारा लागला’ असं सगळ्यांनी तिला सांगितलं होतं. पुढं नवराही गेला, ती आमच्याकडे आली, आणि वाऱ्याशी तिनं हाडवैर धरलं. माझ्या खोलीची खिडकी तिनं मिटली, फटीफटींत चिंध्या कोंबल्या, दाराला घोंगडी लावली, बाजेखाली कोळशाची शेगडी ठेवली. मुंगीला शिरायला वाव नव्हता. मायेनंच केलं सारं, आणि मलाही त्या उबेत सुरक्षित वाटत होतं.

एका सकाळी माझं कपाळ ठणकू लागलं. डोळे उघडवेनात. बाळ पदराखाली निपचित पडून होतं.

“आत्या, हा दूधच ओढत नाही गं.”

तिनं त्याला उचललं, तर त्याची मान कलंडली. आत्या दाराकडे वळली, पण तिचाही झोक गेला. भिंतीचा आधार घेत ती खिडकीशी पोचली, चिंध्या उपसून काढल्या आणि दोन्ही झडपा सताड उघडून बाळाला गजांशी धरलं.

आवाज ऐकून आई धावत आली. “वन्सं, अहो, वारा लागेल त्याला!”

“लागू दे!”

गार वारा भसकन आत आला. बाळानं एक शिंक दिली, तोंड वेडंवाकडं केलं आणि टाहो फोडला. देवा, काय गोड वाटलं ते रडणं! आई हसत होती, रडत होती. मी तर नुसती श्वास घेत राहिले. हवेला चव असते, हे मला त्या दिवशी कळलं.

शेगडी परसात गेली. आत्या मात्र खिडकीशीच बसून राहिली, बाळाला मांडीवर घेऊन. मग हळूच म्हणाली, “माझीपण खोली अशीच बंद होती गं. शेगडीसुद्धा होती.” वन्संपुढं कधी न बसणारी माझी आई त्या दिवशी तिच्या शेजारी बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्यानंतर आळीत कुठंही बाळंतीण असली, की आत्या न बोलावता जायची. खिडकी उघडायची आणि तिला पाठ लावून बसायची. कुणी कुरकुरलं, तर म्हणायची, “वारा लागायचा तर आधी मला लागेल.” विधवा बाई, लोक काय काय बोलत. एका माहेरपणात मी तिला विचारलं, “तुला वाईट नाही वाटत?”

“माझं बाळ शेवटी रडलं नव्हतं गं,” ती म्हणाली. “आता कुणाचंही रडलं, की मला सुटल्यासारखं वाटतं.”