सद्गुणातली रेघ

चीनमधल्या जिंगदेझेन या कुंभारांच्या गावात कुणाच्याही हातात चिनी मातीचा वाडगा द्या, नक्षी पाहण्याआधी तो उपडा करून बूड बघणार. वाडगा कुठल्या बादशहाच्या काळातला, ते बुडावरच्या अक्षरांत लिहिलेलं असतं. जुन्या भांड्यांच्या नकला करणाऱ्या कारखान्यात ही अक्षरं लिहिण्यात लानफांगचा जन्म गेला. श्वेनदे बादशहाच्या काळी 'दे', म्हणजे सद्गुण, या अक्षरातली एक आडवी रेघ गाळत. म्हणून तीही गाळायची. हाताला तेच वळण लागलं.

लेकीच्या लग्नात तिने जावयासाठी वाडगा रंगवला. त्यावर पाच उलटी वटवाघळं काढली. तिथल्या बोलीत 'वटवाघूळ' आणि 'सुख' यांचा उच्चार एकच, 'उलटं' आणि 'आलं' यांचाही. म्हणजे सुख दारी आलं. बुडावर जावयाचं नाव लिहिलं: देहाई.

विहीणबाईंनी भर पंगतीत वाडगा उपडा केला आणि कडाडल्या, "हे काय हो? माझ्या मुलाच्या सद्गुणात एक रेघ कमी?"

लेकीने कपाळाला हात लावला. लानफांगला चूक उमगली, पण माघार घेणं तिच्या रक्तातच नव्हतं.

"विहीणबाई, ती रेघ कुठे असते? 'दे' या अक्षरात 'मन' अशी खूण असते, तिच्याच डोक्यावर आडवी पडलेली असते ना? माझ्या पोरीला तुमच्या मुलाच्या मनात शिरायचंय. म्हणून ती आडकाठी मीच काढून टाकली. आता तुम्ही नवी घालू नका!"