रेणूचा तास

वाटूरहून धाकट्या बहिणीचा, शोभाचा, सकाळी फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. "आक्का, रेणू उठून न्हाई राह्यली गं," एवढंच ती बोलली आणि पुढे नुसतं रडणं ऐकू आलं. रेणू तिची एकुलती एक लेक, माझी भाची. जन्मापासून तिच्या हृदयाला छिद्र होतं आणि डॉक्टरांनी आम्हाला कधी खोटी आशा दाखवली नव्हती. त्यामुळे तिच्या जाण्याचा दोष मी कोणाला देत नाही. पण तिचं शेवटचं वर्ष आठवलं की आज इतक्या आठवड्यांनंतरही मला किळस येते... आणि ती लिहूनच टाकावी म्हणून बसले आहे.

रेणूला सगळं उशिरा समजायचं. विशेष मुलांची शाळा अठराव्या वर्षी संपली आणि ती घरी बसली. चुलत बहिणी कॉलेजला जायला एसटीत चढायच्या, तेव्हा हीसुद्धा खांद्याला पर्स अडकवून फाट्यावर जाऊन उभी राहायची. जालन्यातल्या एका कॉलेजनं अशा मुलांसाठी दोन वर्षांचा वर्ग काढायचं ठरवलंय असं कळलं, तेव्हा मीच शोभाला म्हटलं, पाठव माझ्याकडे. मुलांनी आपलं आपण बघायला हवं, अशी कॉलेजची अट होती. मग जुन्या जालन्यातल्या माझ्या घरी आमची तयारी सुरू झाली. गल्लीतल्या दुचाक्यांमधून वाट काढणं, आठवणीनं फोन चार्ज करणं, कोणी अंगाला हात लावला तर मोठ्यानं 'नको' म्हणणं, हे ती हळूहळू शिकली. सगळ्यात अवघड गेलं ते एक वाक्य. समजलं नसलं तरी मान डोलवायची तिला लहानपणापासूनची सवय, कारण मान डोलवली की लोक खूश होतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. "मला समजलं न्हाई, परत सांगा," एवढं बोलायला तिला अख्खा पावसाळा लागला. पहिल्यांदा ती ते मलाच म्हणाली, भाजी निवडताना. मी परत सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा असा काही खुलला...

पुढच्या जूनमध्ये प्रवेश मिळाला. उद्घाटनाला पाहुणे आले, रेणूच्या हातानं दिवा लावला, फोटो निघाले, पेपरात बातमी आली. त्यानंतर त्या वर्गावर शिकवायला एकही माणूस फिरकला नाही. एका दुपारी तिच्या गोळ्या घरी राहिल्या म्हणून मी कॉलेजात गेले, तर रेणू आणि तिच्या वर्गातल्या मुली गणवेशात चहाचे ट्रे घेऊन व्हरांड्यात उभ्या. कुठलीशी समिती आली होती. मी वर्गाच्या प्रमुख प्राध्यापकांना विचारलं, "यांना शिकवतं कोण?" ते हसले. "ताई, यांना आणखी काय शिकवणार? गुंतून राहतात, तेच बरंय." त्यांच्या हातात रेणूनंच दिलेला कप होता, आणि ती तिथंच उभी राहून ऐकत होती.

पण ती गप्प बसली नाही. रोज प्राचार्यांच्या दारात जाऊन विचारायची, "सर, आमचा तास कधी आहे?" ते म्हणायचे, "उद्या." एकदा ती त्यांना म्हणाली, "मला समजलं न्हाई, परत सांगा." ही गोष्ट तिथल्या लोकांनी मला विनोद म्हणून सांगितली.

शेवटी एका सकाळी तिनं ट्रे खिडकीत ठेवला आणि सरळ पहिल्या वर्षाच्या मराठीच्या तासाला जाऊन मागच्या बाकावर बसली. तिथल्या तरुण बाईंनी तिला बसू दिलं. "मावशी, आज तास झाला. बाईंनी माझी हजेरी बी घेतली," असं सांगत ती घरभर फिरली. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांचा फोन. "तुमची मुलगी कॉलेजसाठी अजून तयार नाही. दिवाळीनंतर बघू." माझं डोकं फिरलं, पण रेणूनं त्यातलं 'दिवाळीनंतर' तेवढं धरून ठेवलं. त्या आनंदातच ती दिवाळीच्या सुट्टीला वाटूरला गेली, आणि तिथंच झोपेत गेली.

कॉलेजनं शोकसभा घेतली. हार घातलेला फोटो उद्घाटनाच्या दिव्याजवळचा, कडेला पाहुण्यांचं कोपर दिसणारा. "आमची आदर्श विद्यार्थिनी. तिला आम्ही घडवलं," प्राचार्य बोलत होते. मग चहा आला. तो घेऊन आली रेणूच्याच वर्गातली मैत्रीण संगीता, रडून डोळे सुजलेले. मी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला, तिला शेजारी बसवलं आणि विचारलं, "सर, हिचा तास कधी आहे?" सगळे कपात बघायला लागले. "ताई, आज तो विषय नको," प्राचार्य हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी चहाचा घोट घेतला. संगीताचा हात धरून मी बाहेर पडले.

उद्याचे कपडे आदल्या संध्याकाळीच घडी करून खुर्चीवर ठेवायची रेणूची पद्धत होती. वाटूरला निघताना तिनं सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसाचेही काढून ठेवले... निळा कुर्ता, वर ओढणी, ओढणीवर केसांची पिन. परवा शोभा माझ्याकडे आली होती. रेणूच्या खोलीत बसायला ती एकच खुर्ची आहे. शोभानं ओढणीवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं आणि खाली फरशीवर बसली.