शिंप्याने लपवलेली पाठ

आमच्या भिंतीपलीकडचा शिंपी स्वतःच्या हातावर इतका खूश, की ऐकूनच मला मळमळतं. "माझ्या कपड्यात कुणी वाकडं दिसत नाही," हे त्याचं पालुपद. खोटं कशाला बोलू, माझं पोट त्यानंच दहा वर्षं जगापासून लपवलंय.

त्याची मुलगी अकरा वर्षांची असताना गणवेशाचं माप घेताना त्याला दिसलं, उजवा खांदा अर्धा इंच वर. दुसरा बाप डॉक्टरकडे पळाला असता. या शहाण्यानं डाव्या खांद्यात कापसाची गादी भरली! पुढच्या वर्षी गादी जाड झाली. मग कंबरेची एक बाजूही शिवणीत दाबली.

बायको म्हणायची, "अहो, पोर तिरकी चालतेय."

"तुझी नजर तिरकी. उद्या लग्न करायचंय ना तिचं? मग बोभाटा करू नकोस."

आणि आम्ही बायका? "काय बसलाय गं ड्रेस!" म्हणून माना डोलवत होतो. शी!

चौदाव्या वर्षी जिना चढताना ती माझ्या दारातच मटकन बसली. धाप थांबेना. मीच तिला नि तिच्या बापाला टॅक्सीत कोंबलं. डॉक्टरीणबाईंनी ड्रेस उतरवायला लावला आणि सगळं उघडं पडलं. पाठीचा कणा सापासारखा वळलेला, एका बाजूच्या बरगड्या कुबडासारख्या वर आलेल्या. फुप्फुसाला फुगायला जागाच नव्हती.

"कधीपासून आहे हे?"

या महाभागानं खिशातून मापांची वही काढली. तारखेसकट, पाव-पाव इंचाचा हिशोब!

बाईंनी पानं उलटली. "इतकं अचूक मोजलंत, आणि दाखवायला आणलं नाहीत? तेव्हा पाठीला पट्टा बांधला असता तर कदाचित इथवर आलं नसतं. आता ऑपरेशन."

"पण बाहेरून दिसत नव्हतं हो," तो पुटपुटला. दिसेल कसं? गाद्या कुणी भरल्या होत्या?

ऑपरेशनसाठी घरून निघायच्या दिवशीही त्यानं नवा, गादीवाला झगा शिवून ठेवला होता. पोरीनं तो खाटेवरच टाकला आणि माझ्याकडून आणवलेला रेडीमेड शर्ट घालून खाली उतरली. शर्ट एका बाजूला लोंबत होता, कुबड सगळ्या गल्लीसमोर. हा टाचण्या घेऊन मागे धावला.

"अगं, एक तरी लावू दे. लोक बघतायत!"

"बघू देत," ती धापा टाकत म्हणाली. "बाबा, तुम्ही पण बघा."