बोलायची खोली

अक्का जाऊन महिना उलटला. रविवारी दुपारी मी अजून राजारामपुरीतल्या तिच्या घरी जातो, पुढच्या खोलीचं कुलूप काढतो, पंखा लावतो, बंद करतो, पुन्हा लावतो. बसवत नाही, निघवतही नाही... ही खोली म्हणजे तिचं ब्युटी पार्लर. राधानगरीकडून लग्न होऊन आलेली माझी थोरली बहीण कितीतरी वर्षं इथं उभी होती. भुवया कोरता कोरता बायकांच्या सासवा, नवरे, पडलेले गर्भ, सगळं ऐकायची आणि ऐकलेलं खोलीबाहेर जाऊ द्यायची नाही. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो, घरी मात्र तोंड उघडत नाही. "ह्याच्या तोंडात पगारापुरतीच जीभ हाय," असं ती गिऱ्हाइकांदेखत म्हणायची.

दिवाळीनंतर तिचं पोट दुखू लागलं. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावून सांगितलं, आजार पसरलाय, थोडेच महिने हातात आहेत. दाजी म्हणाले, "तिला कळता कामा न्हाय. हाय खाईल." मी मान डोलावली. रिपोर्ट इंग्रजीत, ते वाचून सांगायचं काम माझं. मी अल्सर वाचला.

महाशिवरात्रीच्या आसपासचा एक रविवार. ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत टेकलेली, मी बाकावर.

"बाळू, डॉक्टर काय म्हटलं ते नीट सांग."

 नजर काचेवरच्या पाटीवर गेली आणि मी मास्तरकीत शिरलो. म्हटलं, अक्का, पार्लर हा शब्द कुठून आला ठाऊक आहे? फ्रेंचमधल्या 'बोलणं' या शब्दावरून. पूर्वी तिकडच्या मठांत साधूंना मौन असायचं. एका खोलीत मात्र बोलायची मुभा होती, आलागेला तिथंच भेटायचा. ती खोली म्हणजे पार्लर. पुढं घरातल्या बैठकीला तेच नाव पडलं आणि मग दुकानांना... मी थांबतच नव्हतो. गिऱ्हाइकांचं ऐकायची तशी ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"म्हंजे बरोबर जागी बसलायस की. बोल आता."

"अल्सरच आहे गं."

आरशातून ती माझ्याकडं बघत राहिली. मग "बरं" म्हणाली आणि चहा टाकायला उठली. पाडव्याच्या तोंडावर ती गेली. तोवर तिनं मला पुन्हा काही विचारलं नव्हतं.

परवा दार उघडं दिसलं म्हणून एक बाई आत आल्या. मुलीच्या लग्नाचे लाडू घेऊन आलेल्या. अक्का गेल्याचं त्यांना गल्लीच्या तोंडाशीच कळलं होतं. डोळे पुसत म्हणाल्या, "संक्रांतीला नवरीचा मेकअप ठरवायला आलतो. अक्का म्हटल्या, वैशाखात मी नसणार, दुसरीकडं बघा. म्हटलं, गावाला निघालाय व्हय? तर म्हटल्या, व्हय, लांबच्या. आणि माझा हात धरून लई रडल्या वो."

संक्रांतीला. म्हणजे मला विचारलं त्याच्या कितीतरी आधी. मग माझ्याकडून तिला रिपोर्ट नकोच होता... तिचा हात मला धरता आला असता. तिनं हात धरला तो एका गिऱ्हाइकाचा.

लाडवांचा डबा बाकावर ठेवत बाईंनी विचारलं, "घरच्यांस्नी कुणालाच ठाऊक न्हवतं?"

नव्हतं, एवढं म्हटलं असतं तर त्या निघून गेल्या असत्या. मी दार ओढून घेतलं.

"बसा जरा," म्हटलं. "मला ठाऊक होतं."