तिथीची पाऊणपट

चाळीस वर्षं मासेमारी करून अनंताकडे स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट उरली होती : भरती कधी येणार, हे वर्सोव्यात लोक त्याला विचारत. होडी भावाभावांत होती, घर आईच्या नावावर. हा मान मात्र एकट्याचा.

म्हणून महापालिकेच्या निवडणुकीत श्रुतिका नावाच्या अपक्ष उमेदवार बाईंनी हवामान बदलावर जाहीरनामा काढला आणि त्यावर 'सागर सल्लागार' म्हणून कुंडलिकचा फोटो छापला, तेव्हा अनंताने तो कागद सुकटीखाली अंथरला. मग सुकट बाजूला सारून पुन्हा वाचला.

कुंडलिक बाजूच्या बिल्डिंगमधला. बाप गिरणीत, स्वतः टपाल खात्यात. समुद्राशी संबंध हवा खाण्यापुरता. जे शिकला ते अनंताशेजारी बसून, अनंताच्या विड्या ओढत.

जाहीरनाम्यात पाणी उपसायचे पंप होते, तिवरांची लागवड होती, गल्लीगल्लीत मदत पथक होतं. आणि चौकटीत होतं पारंपरिक ज्ञान : 'तिथीची पाऊणपट करा, ओहोटीची वेळ मिळेल.'

ओहोटीची! पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता पाणी भरलेलं, अष्टमीला सहा वाजता. अनंताला इतका आनंद झाला की त्याने कागद घडी घालून खिशात ठेवला.

"सांग ना त्याला," त्याची बायको पार्वती म्हणाली.

"मला कुणी विचारलंय?"

"नाय विचारलं, म्हणून तर जळतोयस. नवऱ्यामुलासारखा फोटो आलाय त्याचा."

"टक्कल दिसतंय."

"तुझं काय झाकलंय?"

दोन दिवसांनी कुंडलिक स्वतःच आला. अंगात जाकीट, छातीवर बिल्ला.

"अनंता, पौर्णिमेला बंदरावर सभा ठेवलीय. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे तेव्हा पूर्ण ओहोटी, जागा कोरडी ठाक. साडेदहाला सुरू करतो. बरोबर ना रे?"

अनंताने जाळ्याची गाठ मारली, तपासली, पुन्हा मारली.

"छापून आलंय ना? मग बरोबरच असणार."

पौर्णिमेला सकाळी खालच्या मोकळ्या जागेत दोनशे खुर्च्या मांडल्या गेल्या. कोळणींनी खुर्च्या पाहिल्या, एकमेकींकडे पाहिलं आणि घरीच राहिल्या. बिल्डिंगवाले मात्र बूट घालून आले. अनंता मुद्दाम पुढच्या रांगेत बसला. चप्पल घरी ठेवून.

पावणेअकराच्या सुमारास, 'आपत्तीला सज्ज वॉर्ड' या मुद्द्यावर बाई बोलत असताना पाणी पहिल्या रांगेत आलं. आधी बूट उचलले गेले, मग माणसं. कुंडलिकचा चेहरा पांढरा पडला. अनंता त्या चेहऱ्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाकडे बघावं तसा बघत होता.

बाई थांबल्या. घोटाभर पाण्यात उतरल्या. फोनवर सभेचं शूटिंग करणाऱ्या कार्यकर्तीला म्हणाल्या, "चालू ठेव!" मग गर्दीकडे वळल्या. "बघताय? समुद्र आपल्या दारात आलाय! हे भाषणाने पटलं नसतं. कुंडलिककाकांनी ऐन भरतीची वेळ काढून आपल्याला इथे बसवलं. याला म्हणतात अनुभव!"

टाळ्या पडल्या. भिजलेल्या बुटांनिशी पडल्या. कुंडलिकने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं आणि हात जोडले.

अनंता उठला. "अवो, त्याला..." पण तेवढ्यात मागच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसलेल्या त्याला दिसल्या. पाणी अजून अर्धा तास चढणार होतं, आणि हे तिथे एकट्या त्यालाच माहीत होतं.

"बसू नका, उठा!" तो ओरडला. "अजून वाढतंय! म्हाताऱ्यांना आधी काढा. उजवीकडून, डावीकडे चिखल हाय!"

लोक मुकाट उजवीकडून निघाले. दोन्ही म्हाताऱ्यांना त्याने हाताला धरून वर रस्त्यावर आणलं. फोन त्याच्याकडे वळला.

"वा! काका, तुम्ही मदत पथकात का? नाव काय तुमचं?" बाईंनी विचारलं.

अनंताने तोंड उघडलं. पण कुंडलिकचा हात त्याच्या खांद्यावर आधी पडला.

"अनंता," कुंडलिक म्हणाला. "माझ्याच हाताखाली तयार होतोय."